पिशवीवाल्या प्राण्यांवर संप्रेरकांचे उपचार: गाईचं गणित कांगारूला का लागू पडत नाही?

दुर्वांकुर

२०२५ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातून बातमी आली. ईस्टर्न ग्रे कांगारूच्या स्त्रीबीजात सुईने एकेक शुक्राणू सोडून त्यांनी वीसहून जास्त भ्रूण प्रयोगशाळेत तयार केले होते. तेव्हापासून मला एकच प्रश्न सारखा विचारला जातो. आता संप्रेरकांची इंजेक्शनं द्यायची, भरपूर बीजं मिळवायची आणि दुर्मिळ प्राण्यांची पिल्लं वाढवायची, यात अडचण कसली? अडचण मादीच्या शरीराच्या रचनेतच आहे. तिच्याबद्दल मराठीत कुठे सलग लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

गाय, उंदीर आणि माणूस यांच्यात एक गोष्ट समान आहे. गर्भ राहिला की तो आईच्या शरीराला तसं कळवतो. बाईच्या बाबतीत हे काम एचसीजी करतं, गाईत इंटरफेरॉन टाऊ. हा निरोप मिळाला की अंडाशयातला पीतपिंड (कॉर्पस ल्युटियम) टिकून राहतो, प्रोजेस्टेरॉन देत राहतो आणि पुढची पाळी किंवा पुढचा माज थांबतो. वंध्यत्वावरचे आपले बहुतेक उपचार या निरोपाभोवती बांधलेले आहेत.

कांगारू, वॉलबी (कांगारूचे लहान नातलग), पॉसम (झाडांवर राहणारा मांजराएवढा प्राणी) अशा पिशवीवाल्या प्राण्यांत पीतपिंड लांबवणारा असा निरोप जातच नाही. ब्रशटेल पॉसमचं माजाचं चक्र सुमारे २६ दिवसांचं आणि गाभणकाळ साडेसतरा दिवसांचा. लाल कांगारूचं चक्र ३५ दिवसांचं आणि गाभणकाळ ३३ दिवसांचा. म्हणजे चक्र संपायच्या आतच पिल्लू बाहेर! मादी गाभण असो वा रिकामी, पीतपिंड ठरलेले दिवस जगतो आणि विरतो. नुसतं रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजून ती गाभण आहे की नाही हे सांगणं म्हणूनच फार अवघड जातं.

याचा अर्थ गर्भ मुका असतो असा मात्र नाही. या माद्यांना दोन स्वतंत्र गर्भाशयं असतात. टॅमर वॉलबीत एका वेळी एकाच गर्भाशयात गर्भ असतो आणि दुसरं रिकामं. दोन्हींना रक्त एकच, संप्रेरकं तीच. मेरिलिन रेनफ्री यांनी १९७२ मध्ये दाखवलं की तरीही गर्भ असलेल्या बाजूचं अस्तर जास्त जाड होतं आणि जास्त स्राव देतं. गर्भ बोलतो, पण ते त्या एका गर्भाशयापुरतं. ज्या प्राण्यात तुलनेसाठीची रिकामी बाजू निसर्गानेच त्याच शरीरात ठेवली आहे, त्या प्राण्याबद्दल मला कमालीचं आकर्षण वाटत आलंय.

आता मुख्य मुद्दा. टॅमर वॉलबी जानेवारीच्या शेवटी विते. पिल्लू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलकं असतं. ते पिशवीत चढून सड तोंडात धरतं, आणि तासाभरात आई पुन्हा माजावर येऊन नराशी समागम करते. नवा भ्रूण शंभरएक पेशींचा झाला की तिथेच थांबतो. मरत नाही, वाढतही नाही. पुढचे जवळजवळ ११ महिने तो असाच राहू शकतो. वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात त्याला थांबवून ठेवतं ते पिशवीतल्या पिल्लाचं लुचणं, पुढच्या अर्ध्यात दिवसाची लांबी. लुचण्यामुळे आईच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं, प्रोलॅक्टिन पीतपिंडाला दाबून ठेवतं, आणि पीतपिंड गप्प म्हणून भ्रूण गप्प. पहिल्या काही महिन्यांत पिल्लू सडावरून काढलं तर लगाम सुटतो, आणि सुमारे २७ दिवसांत थांबलेल्या भ्रूणाचं पिल्लू होऊन जन्माला येतं.

१९७३ मध्ये याची सगळ्यात धडधडीत खूण मिळाली. टॅमर वॉलबीची पिट्युटरी ग्रंथीच शस्त्रक्रियेने काढली, तर पीतपिंड मरायच्या ऐवजी जागा झाला. आपल्याकडच्या बहुतेक सस्तन प्राण्यांत याच्या बरोबर उलट होईल. पुढे ब्रोमोक्रिप्टीन हे प्रोलॅक्टिन उतरवणारं औषध दिल्यावरही भ्रूण जागा होतो हे दिसलं.

माझं म्हणणं असं, की या प्राण्यांच्या प्रजननाचा लगाम सडाशी बांधलेला आहे. गाईसाठी किंवा बाईसाठी बनवलेली संप्रेरकं उचलून त्यांना टोचली की हा लगाम जागच्या जागीच राहतो आणि भलतंच काहीतरी हलतं. जिथे लगाम ओळखून काम झालं तिथे यश मिळालं. चर्चा करूया.

---

केतकी_र

फार सुंदर लिहिलंय. मी माणसांच्या आयव्हीएफ प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ आहे, त्यामुळे वाचताना प्रत्येक वाक्याला माझ्या रोजच्या कामाशी ताडून पाहत होते.

दोन प्रश्न. एक, एका चक्रात जास्त बीजं मिळवायला आम्ही एफएसएच (बीजं वाढवणारं संप्रेरक) देतो आणि शेवटी बीजं सुटण्यासाठी एचसीजीचा ट्रिगर. ही पद्धत पिशवीवाल्या प्राण्यांवर वापरली आहे का, आणि बीजांची प्रत कशी मिळते? दोन, भ्रूण सोडल्यावर आम्ही आठवडेच्या आठवडे प्रोजेस्टेरॉन देतो. यांना तशी गरज पडते का?

---

दुर्वांकुर

केतकीताई, दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी.

टॅमर वॉलबीत पीतपिंड लागतो तो सुरुवातीचा आठवडाभर. भ्रूण जागा होताना, पाचव्या-सहाव्या दिवशी, प्रोजेस्टेरॉनची एक छोटी लाट येते. त्या लाटेने गर्भाशयाचं अस्तर स्रवायला लागतं. त्यानंतर अंडाशय काढून टाकलं तरी गर्भ वाढत राहतो. पण शेवटी प्रसूती अडते, पिल्लू बाहेर येत नाही. म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा आधार लागतो तो सुरुवातीला, आणि पीतपिंडाची गरज पुन्हा लागते ती विण्याच्या वेळी. मधल्या काळात आठवडेच्या आठवडे प्रोजेस्टेरॉन देण्याला अर्थ नाही.

आता बीजं. सर्वात जास्त वापर झाला तो पीएमएसजीचा, म्हणजे गाभण घोडीच्या रक्तातून मिळणाऱ्या संप्रेरकाचा. पॉसमला ते दिलं आणि काही दिवसांनी एलएच (बीज सोडवणारं पिट्युटरीचं संप्रेरक) किंवा जीएनआरएच (पिट्युटरीला एफएसएच-एलएच सोडायला लावणारं मेंदूतलं संप्रेरक) दिलं की एरवी एकच बीज सोडणारं अंडाशय अनेक बीजं सोडतं. न्यूझीलंडमध्ये पॉसमवर यावर बरंच काम झालं. तिथे पॉसम हा बाहेरून आणलेला उपद्रवी प्राणी. १८३७ पासून कातड्यासाठी आणला गेला, आता जंगल खातो आणि गुरांत क्षयरोग पसरवतो. त्याचं प्रजनन थांबवायचं तर ते आधी समजायला हवं, म्हणून अभ्यास.

पण पीएमएसजी रक्तात फार रेंगाळतं. बीजं सुटून गेली तरी ते नवे फॉलिकल (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) वाढवत राहतं, इस्ट्रोजेन चढं राहतं, आणि जननमार्गाला चुकीच्या वेळी चुकीचा हुकूम मिळतो. गाईगुरांतही हा त्रास होतो, पण पिशवीवाल्या प्राण्यांत त्याची किंमत जास्त, कारण त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. बीज अंडाशयातून निघालं की बीजवाहिनीत त्याच्याभोवती म्युकॉइडचा (चिकट पदार्थाचा) एक जाड थर चढतो. शुक्राणूला आत शिरायचं तर तो थर चढायच्या आत, म्हणजे काही तासांत. साधारण दिवसभरात बीज गर्भाशयात पोचतंसुद्धा, आणि त्यावर आणखी एक कवच येतं. अशा वेळी इस्ट्रोजेनने वाहिनीची चाल किंवा स्राव थोडाही बदलला, तर बीजं पुष्कळ असूनही फळत नाहीत.

---

केतकी_र

म्हणजे आमच्याकडे पेट्रीडिशमध्ये बीज आणि शुक्राणू रात्रभर एकत्र ठेवतात तशी चैन इथे नाही! आणि सुईने शुक्राणू आत सोडायची वेळ का आली तेही कळलं.

---

दुर्वांकुर

हो, आणि शुक्राणूंचीही अट आहे. यांचे शुक्राणू बीजवाहिनीत पोचल्यावर आकार बदलतात, डोकं शेपटीला काटकोनात फिरतं आणि ते इंग्रजी टीसारखे दिसायला लागतात. डिशमध्ये हे घडवून आणणं कठीण. सुई वापरली की ही पायरीच टळते.

---

माळरान

वाचतोय. थोडं हळू घ्या, पण थांबू नका.

---

पशुवैद्य_आनंद

मी दुधाळ जनावरांचा डॉक्टर. माझं रोजचं हत्यार म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. गाय माजावर येत नाही, तपासणीत पीतपिंड हाताला लागला, तर एक इंजेक्शन आणि दोन-तीन दिवसांत माज. मग कृत्रिम रेतन. कळपातल्या सगळ्या गाई एकाच दिवशी माजावर आणता येतात. कांगारूत हे का करत नाहीत?

---

दुर्वांकुर

डॉक्टर, गाईत ते चालतं कारण गाईचं गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवतं. आपण फक्त ते काम लवकर करवून घेतो. पॉसमचं गर्भाशय काढून टाकलं तरी चक्र होतं तसंच चालतं, हे १९६५ मध्येच दिसलं होतं. पीतपिंडाचं आयुष्य ठरवण्यात गर्भाशयाचा हात नाही. मग गाईच्या हिशेबाचा पायाच निसटतो.

टॅमर वॉलबीला प्रोस्टाग्लँडिन टोचलं तर काय होतं हे मात्र ऐकण्यासारखं आहे. मादी विण्याच्या पवित्र्यात बसते. शेपूट पायांमधून पुढे, पाठ वाकलेली, पिशवी आणि जननद्वार चाटायला सुरुवात. गाभण नसलेली मादीसुद्धा हेच करते, आणि नरसुद्धा! शिवाय प्रोलॅक्टिन चढतं. नैसर्गिक प्रसूतीत गर्भाशयातून सुटणारं प्रोस्टाग्लँडिन हेच करत असतं: आईला बसवतं, प्रोलॅक्टिनची लाट आणतं, आणि त्या लाटेने पीतपिंड मावळतो. म्हणजे गाईत जे माज आणण्याचं औषध, ते इथे विण्याची वागणूक आणतं.

आणखी एक. तुम्ही पान्हा सुटण्यासाठी किंवा वार पडण्यासाठी ऑक्सिटोसिन देता. कांगारू आणि पॉसममध्ये त्याच्या जागी मेसोटोसिन नावाचं जवळचं संप्रेरक आहे. दोन्हींत एका अमिनो आम्लाचा फरक.

---

पशुवैद्य_आनंद

नरसुद्धा! हे आमच्या अभ्यासक्रमात यायला हवं होतं. औषधाचा परिणाम संप्रेरकावर अवलंबून नसतो, ते ऐकणाऱ्या शरीरावर असतो, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

मग कृत्रिम रेतन तरी जमलंय का?

---

दुर्वांकुर

जमलंय. कोआलात सगळ्यात चांगलं. कोआलाच्या मादीत बीज आपोआप सुटत नाही, समागम झाल्यावरच सुटतं. हे एकदा कळल्यावर क्वीन्सलंडच्या स्टीव्ह जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी माजावरच्या मादीला संप्रेरकाचं एक इंजेक्शन किंवा जननमार्गाचं उद्दीपन देऊन बीज सोडवलं, आणि १९९० च्या दशकाअखेरपासून कृत्रिम रेतनाने कोआलाची पिल्लं जन्मली. कोआलाच्या वीर्यातच बीज सोडवणारा घटक असतो, त्यामुळे वीर्य किती पातळ करायचं हाही प्रश्न ठरतो. आपण एरवी सर्रास पातळ करतो. गोठवलेल्या वीर्यावर मात्र घोडं अडलंय, गोठवून वितळवताना कोआलाच्या शुक्राणूचं केंद्रक फुगतं.

टॅमर वॉलबीत २००५ मध्ये कृत्रिम रेतनाची पिल्लं जाहीर झाली. तिथे वीर्य थेट गर्भाशयात सोडावं लागलं आणि माजाची नेमकी वेळ पकडावी लागली. पॉसममध्ये तर पीएमएसजीने बीजं वाढवूनही वीर्य योनीत सोडण्यापेक्षा गर्भाशयात सोडणं जास्त उपयोगी पडलं.

---

कॅनबेरावासी

हा धागा उघडल्याबद्दल आभार. मी राहतो तिथे प्रश्न उलटा आहे. ईस्टर्न ग्रे कांगारू इतके आहेत की दरवर्षी सरकार काही ठिकाणी त्यांची संख्या गोळ्या घालून कमी करतं, आणि दरवर्षी त्यावरून लोकांत भांडण. म्हणून इथे संप्रेरकांचा विचार होतो तो प्रजनन थांबवण्यासाठी. गोनाकॉन नावाची लस बाणाने मारतात. ती प्राण्याला स्वतःच्याच जीएनआरएचविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लावते. जीएनआरएच गेलं की एफएसएच, एलएच गेलं आणि अंडाशय शांत.

दुर्वांकुर, वंध्यत्वावरची औषधं आणि प्रजनन थांबवणारी औषधं एकाच दारातून जातात, यावर तुम्ही लिहाल का?

---

दुर्वांकुर

नक्की. डेस्लोरेलिन घ्या. जीएनआरएचसारखंच, पण कितीतरी पट जोरकस. त्याचाच एक डोस बीज सोडवायला वापरता येतो. तेच कातडीखाली बसवलेल्या इम्प्लांटमधून महिनोन्महिने झिरपत ठेवलं की आधी काही दिवस एफएसएच-एलएच उसळतात आणि मग पिट्युटरी ऐकेनाशी होते. टॅमर वॉलबी, ईस्टर्न ग्रे कांगारू, ब्रशटेल पॉसम यांच्या माद्यांत हे चालतं, वर्षभराहून जास्त काळसुद्धा. पण सुरुवातीच्या उसळीत मादी माजावर येऊन गाभण राहू शकते, हे बसवणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

नरांचं मात्र वेगळंच. कुत्र्याला डेस्लोरेलिन दिलं की टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर येतं. टॅमर आणि पॉसमच्या नरांत टेस्टोस्टेरॉन टिकून राहतं आणि नर प्रजननक्षम राहतात. टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी पिशवीवाल्या प्राण्याच्या नरांत तर ते वाढलेलं दिसलं. डेव्हिलवर १९९६ पासून चेहऱ्याच्या संसर्गजन्य कर्करोगाचं संकट आहे, म्हणून निरोगी प्राण्यांचे कळप वेगळे राखले जातात. तिथे कोणाची वीण व्हावी, कोणाची नको हे जनुकांचा हिशेब पाहून ठरवावं लागतं. अशा ठिकाणी कुत्र्याच्या अनुभवावर विसंबून नरांना इम्प्लांट दिलं तर अपेक्षेच्या नेमकं उलट घडेल.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं आणखी वेगळं. बायकांच्या गर्भनिरोधकातलंच प्रोजेस्टेरॉनसारखं औषध. व्हिक्टोरियातल्या बज बिम राष्ट्रीय उद्यानात कोआलांच्या अतोनात संख्येमुळे झाडंच संपायला लागली, तेव्हा माद्यांना त्याची इम्प्लांट बसवली. टॅमर वॉलबीत ते पुढचा बीजोत्सर्ग थांबवतं, पण आधीच पोटात थांबून असलेला भ्रूण त्याने अडत नाही. तो जागा होतो, पिल्लू होतं, आई त्याला दूध पाजते. त्यानंतर मात्र नवा गर्भ राहत नाही. गर्भनिरोधक दिलेली मादी विते हे पाहून कोणी औषध निकामी ठरवू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

---

रेवती_ज

एक शंका. यांची पिल्लं इतकी अपुऱ्या दिवसांची जन्मतात. मग त्यांचे लिंगभेद पिशवीत असतानाच ठरत असणार ना? आईला दिलेली संप्रेरकं त्यांच्यावर परिणाम करणार नाहीत का?

---

दुर्वांकुर

रेवतीताई, अगदी बरोबर. जन्मतेवेळी टॅमर नराचं वृषण धड तयारही नसतं. त्याची घडण जन्मानंतर दोनएक दिवसांत दिसू लागते, मादीच्या अंडाशयाची त्यानंतर. १९५० च्या दशकात रॉबर्ट बर्न्स यांनी ओपॉसमच्या (अमेरिकेतल्या पिशवीवाल्या प्राण्याच्या) नवजात नर पिल्लांना इस्ट्रोजेन दिलं, तर त्यांची वृषणं अंडाशयाच्या वळणावर गेली. टॅमरमध्येही पुढे असंच दिसलं. गाय-उंदरात बाहेरून दिलेल्या इस्ट्रोजेनने वृषणाचं असं रूपांतर सहसा होत नाही.

त्याच पिल्लांत एक उलट गोष्ट आहे. टॅमरमध्ये नराची वृषणपिशवी आणि मादीच्या सडांची व पिशवीची सुरुवात जननग्रंथी तयार होण्याआधीच झालेली असते. म्हणजे ती संप्रेरकांवर अवलंबून नाही, थेट गुणसूत्रांच्या हुकमाने होते. हे १९८८ मध्ये मांडलं गेलं, आणि सस्तन प्राण्यांत शरीराचे सगळे लिंगभेद संप्रेरकं ठरवतात या जुन्या समजुतीला त्याने धक्का दिला. एकाच पिल्लात काही अवयव संप्रेरकांना दाद देतात, काही मुळीच देत नाहीत.

पिशवीत नुकतंच जन्मलेलं पिल्लू असताना आईला इस्ट्रोजेन वाढवणारे उपचार देऊ नयेत असं मला ठामपणे वाटतं. दुधातून किती जातं हे जातीजातीवर अवलंबून असेल, पण पणाला लागतं ते पिल्लाचं सगळं पुढचं आयुष्य.

---

माळरान

मग लगाम ओळखून काय करता येतं, ते सांगा ना. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही तो मुद्दा तसाच ठेवलाय.

---

दुर्वांकुर

त्याकडेच येत होते. ऑस्ट्रेलियात ब्रशटेल रॉक-वॉलबी नावाची खडकांवर राहणारी वॉलबी आहे. तिचा दक्षिणेकडचा कळप अगदी मोजका उरला. तिच्या पिशवीतलं पिल्लू काढून दुसऱ्या, सहज मिळणाऱ्या जातीच्या वॉलबीच्या सडाला लावतात. यलो-फुटेड रॉक-वॉलबी किंवा टॅमर. खऱ्या आईवरचं लुचणं थांबलं, प्रोलॅक्टिन उतरलं, थांबलेला भ्रूण जागा झाला, आणि महिन्याभरात पुढचं पिल्लू. एरवी वर्षाला एखादं पिल्लू वाढवणाऱ्या मादीपासून असं सहा ते आठ पिल्लांपर्यंत जाता येतं. कॅनबेराजवळच्या टिडबिनबिल्ला अभयारण्यात हे काम झालंय. एकही संप्रेरक टोचलं नाही, आणि तरी माझ्या मते पिशवीवाल्या प्राण्यांतला सगळ्यात यशस्वी संप्रेरक-उपचार हाच आहे.

---

रेवती_ज

मला हे वाचून आनंद झाला नाही. आईकडून पिल्लू काढून घ्यायचं, पुन्हा पुन्हा. आणि जिच्या सडाला लावायचं तिचं स्वतःचं पिल्लू? त्याचं काय होतं?

---

कॅनबेरावासी

त्याला काढावंच लागतं. त्या वयाचं पिल्लू सडाविना जगत नाही. हे मान्य करूनच बोलायला हवं. पण दुसऱ्या बाजूला आख्खी जात जायच्या वाटेवर आहे.

---

दुर्वांकुर

रेवतीताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. सांभाळणाऱ्या आईचं पिल्लू मारलं जातं. मुबलक जातीच्या काही पिल्लांचा जीव देऊन दुर्मिळ जातीची पिल्लं वाचवणं, असा हा सरळ व्यवहार आहे. मी तो मान्य करते, पण जड मनाने, आणि फक्त तिथेच जिथे कळप मोजका उरलाय आणि जन्मलेल्या पिल्लांना सोडायला सुरक्षित जागा आहे. कोल्हे आणि मांजरी तशाच असतील, तर वर्षाला आठ पिल्लं तयार करून त्यांना खायला घालण्यात अर्थ नाही. आईच्या शरीराबद्दलही तेच. तिला एकामागून एक गर्भ वाढवायला लावताना तिचं वजन आणि तब्येत उतरते आहे का, हे पाहून थांबता आलं पाहिजे.

---

रेवती_ज

पटलं असं म्हणणार नाही, पण तुम्ही लपवलं नाहीत याचा आदर वाटतो. माझ्यासाठी ही रेषा अजूनही ओलांडण्यासारखी नाही.

---

केतकी_र

मला पुन्हा भ्रूणांकडे यायचंय. सुईने बनवलेले कांगारूचे भ्रूण कोणत्या आईत ठेवणार? आमच्याकडे अस्तर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देऊन तयार करतात. तसं इथे शक्य आहे?

---

दुर्वांकुर

ताई, तत्त्वतः शक्य आहे, आणि याला जुना आधार आहे. ह्यू टिंडेल-बिस्को यांनी १९६३ मध्ये क्वोक्का या छोट्या वॉलबीचे थांबलेले भ्रूण दुसऱ्या माद्यांत ठेवून पाहिले. १९७० मध्ये त्यांनी टॅमरमध्ये दाखवलं की अंडाशय काढलेल्या मादीला संप्रेरकं देऊन तिच्यात असा भ्रूण ठेवला, तर तो पुन्हा वाढू लागतो. गर्भाशय तयार असेल तर भ्रूण चालतो, हे तिथून स्पष्ट आहे.

पण वाढू लागणं आणि जन्मणं यांत अंतर आहे. वर लिहिलं तसं प्रसूतीसाठी पीतपिंड लागतो. शिवाय पिल्लू बाहेर येईल त्या दिवशी पिशवीत योग्य वयाचा सड आणि योग्य दूध तयार हवं. लाल कांगारूची आई एकाच वेळी एका सडातून तान्ह्याचं पातळ दूध आणि दुसऱ्यातून बाहेर हिंडणाऱ्या मोठ्या पिल्लाचं दाट दूध देते. ही दूधग्रंथींची तयारी बाहेरून दोन संप्रेरकं देऊन घडवता येत नाही. म्हणून सांभाळणारी आई स्वतःच्या नैसर्गिक चक्रात त्याच दिवसावर असलेली घेणं हाच मला शहाणपणाचा मार्ग दिसतो.

थांबणारा भ्रूण असलेल्या जातींत एक मोठी सोय आहे. सांभाळणाऱ्या आईच्या पिशवीतलं पिल्लू ज्या दिवशी सडावरून काढाल, तो दिवस शून्य. तिथून पुढचं सगळं वेळापत्रक दिवसादिवसाने माहीत. ईस्टर्न ग्रे कांगारूत भ्रूण थांबणं क्वचित घडतं, त्यामुळे तिथे ही सोय तितकीशी नाही.

---

पशुवैद्य_आनंद

माझ्या लक्षात येतंय ते असं, की गाईत मी चक्राला माझ्या वेळेवर आणतो आणि इथे माणसानेच मादीच्या वेळेवर जायचं आहे. ब्राझीलच्या छोट्या ओपॉसमवर जनुकं बदलण्याचं काम झाल्याचं वाचलं होतं. तिथे तरी संप्रेरकं चालली का?

---

दुर्वांकुर

हो, २०२१ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेने. मोनोडेल्फिस नावाचा हा प्राणी पिशवीसुद्धा नसलेला, गाभणकाळ फक्त १४ दिवसांचा. मादी नराच्या वासाने माजावर येते. तिथे पीएमएसजीसारखी संप्रेरकं देऊन समागम आणि बीजोत्सर्ग एका वेळी आणले गेले, भ्रूणांत रंगाचं एक जनुक निकामी केलं, आणि ते दुसऱ्या माद्यांत ठेवून पांढरी पिल्लं मिळवली. बीजाभोवतीचं जाड कवच भेदायला खास कंप पावणारी सुई लागली. त्या जातीत भ्रूण थांबण्याची भानगड नाही, अनेक पिल्लं होतात, म्हणून जमलं. नामशेष झालेला टास्मानियन टायगर परत आणू म्हणणारे लोकही असाच छोटा, थोड्या दिवसांत विणारा, उंदराएवढा डनार्ट आधाराला घेतात.

---

माळरान

मग नॉर्दर्न हेअरी-नोज्ड वॉम्बॅटसारख्यांचं (बिळात राहणाऱ्या जाडजूड पिशवीवाल्या प्राण्यांचं) काय? फार थोडे उरलेत ना?

---

दुर्वांकुर

१९८० च्या दशकात क्वीन्सलंडच्या एपिंग फॉरेस्टमध्ये जेमतेम ३५ उरले होते. आता काहीशे आहेत, आणि २००९ पासून दुसऱ्या एका राखीव जागेतही त्यांना वसवलं आहे. ही वाढ संप्रेरकांनी झालेली नाही. गुरं बाहेर काढली, डिंगो (रानटी कुत्रे) अडवणारं कुंपण घातलं, पाणी आणि चारा पुरवला. कृत्रिम प्रजननाचे प्रयोग त्याच्या दक्षिणेकडच्या चुलत जातीवर होतात, म्हणजे ज्यांना गमावणं परवडणार नाही त्यांच्यावर हात टाकावा लागत नाही. उलट, १९९४ मध्ये पुन्हा सापडलेल्या गिल्बर्ट्स पोटोरू या छोट्या पिशवीवाल्या प्राण्याला पिंजऱ्यात वाढवण्याचे प्रयत्न फसले, आणि त्याला बेटांवर व कुंपणातल्या रानात हलवणंच कामी आलं.

माझ्या हातात असतं तर मी अशा जातींत इंजेक्शनाच्या आधी वर्षानुवर्षं लेंड्या गोळा केल्या असत्या. लेंड्यांतून प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनचे अवशेष मोजता येतात, प्राण्याला हात न लावता. कोआलाच्या लेंड्यांतलं प्रोजेस्टेरॉन चढलं की बीज सुटलंय हे कळतं. तिचं स्वतःचं चक्र असं कागदावर उतरलं की मगच, त्या चक्रातल्या नेमक्या दिवशी, एखादं जीएनआरएच द्यायचं की नाही हे ठरवता येईल.

---

पशुवैद्य_आनंद

लेंड्यांच्या नमुन्यांत संप्रेरक किती दिवस टिकतं? उन्हात पडून राहिलेल्या चालतात का?

---

दुर्वांकुर

ताज्याच हव्यात, डॉक्टर. उन्हात आणि ओलीत जिवाणू त्या अवशेषांचं रूप बदलतात आणि आकडे खोटे वाटतात. उचलल्या की लगेच गोठवायच्या किंवा वाळवून ठेवायच्या, आणि कोणत्या मादीची लेंडी आहे याची खात्री हवी. एकत्र राहणाऱ्या माद्यांना कधीकधी खाण्यातून निरनिराळी निरुपद्रवी चमकी देतात, म्हणजे लेंडीतल्या रंगावरून ती कोणाची हे ओळखता येतं.